शेवटच्या पानापासून

सर गेल्याचं कळलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. आमच्या बॅचच्या ग्रुपवर भल्या सकाळी समईचा फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग तासभर तीच समई आणि तेच दोन शब्द, एकेका नंबरवरून. कुणीतरी लिहिलं, पत्रकारितेत कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. मुंबईत एका चॅनेलला असलेल्या मित्राने लगेच खाली टाकलं, "सरांनी पोकळीचा व्यास विचारला असता." त्यानंतर लोक जरा माणसांसारखं बोलायला लागले.

'पोकळी'वर सरांचा फार राग. "या जिल्ह्यात दर आठवड्याला एक पोकळी निर्माण होते," ते म्हणायचे. "एव्हाना उजनीएवढा खड्डा पडायला हवा होता. आणि मोजायला कोणीच जात नाही."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. उभं आयुष्य डेस्कवर, म्हणजे इतरांच्या बातम्या तपासून पानात बसवण्यात काढलेला माणूस. नाव छापून येणं त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. ज्यांना ओळखायचं ते लाल बॉलपेनवरूनच ओळखतील.

आमचा वर्ग 2005-06चा. पत्रकारितेचा एक वर्षाचा डिप्लोमा, संध्याकाळचा. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ आदल्याच वर्षी मिळालं होतं, तरी कॉलेजातल्या निम्म्या फॉर्मांवर अजून शिवाजी विद्यापीठच होतं. वर्गात एक बँकेतला कारकून, एक विमा एजंट, मोहोळ आणि अक्कलकोटहून एसटीने येणारे दोन स्ट्रिंगर, म्हणजे तालुक्याचे बिनपगारी बातमीदार, ज्यांच्या बातम्या रोज छापून यायच्या पण मानधन जाहिराती आणल्या तरच मिळायचं, आणि बी.ए. झाल्यावर लगेच स्थळं बघायला लागू नयेत म्हणून आलेल्या आम्ही काही मुली. सर त्याआधी वीस-पंचवीस वर्षं शहरातल्या एका दैनिकात होते. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांपासून कॉम्प्युटरवर पान लागेपर्यंतचं सगळं त्यांनी उभं राहून बघितलं होतं. उभं राहून हे खरंच. वर्गातही ते कधी खुर्चीत बसले नाहीत.

पहिल्या तासाला आम्ही वह्या उघडून तयार. आता 6 जानेवारी 1832, 'दर्पण', बाळशास्त्री जांभेकर. ते सगळं आलं, पण दिवाळीनंतर. त्या दिवशी सरांनी सकाळच्या अंकांतून कापलेल्या निधनवार्ता वाटल्या. प्रत्येकाला एक, बोटभर लांबीची.

"वाचा. यात माणूस सापडतो का सांगा."

आमच्याकडच्या निधनवार्तांचा साचा ठरलेला आहे. 'येथील प्रतिष्ठित व्यापारी अमुक यांच्या मातोश्रींचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात तीन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' सर विचारायचे, गेल्या आई, मग बातमी मुलाची कशी झाली? बाईंचं नाव कधी तिसऱ्या ओळीत, कधी नाहीच. पुरुष गेला तर तो काय करत होता हे निदान एका शब्दात यायचं, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, आडत व्यापारी, वगैरे. बाई गेली तर ती कुणाची कोण होती एवढंच. आम्ही लहानपणापासून तो कॉलम रोज बघत होतो आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग काम दिलं. ज्याच्या हातात जी वार्ता, त्याने त्या घरी जायचं आणि गेलेला माणूस काय करत होता ते लिहून आणायचं. "पण तेरावं होऊ द्या. आधी गेलात तर मार खाल, आणि मी सोडवायला येणार नाही."

माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला साखर पेठेतल्या एक विडी कामगार बाई आल्या. मैत्रीण पद्मशाली, घरात तेलुगू, त्यामुळे दार उघडलं गेलं. मी नुसती सोबत. आत भिंतीशी बाईंचं सूप होतं, त्यात पान कापायचा पत्र्याचा साचा आणि कात्री, अजून कोणी हलवलं नव्हतं. सुना बोलत होत्या पण हात चालूच. भिजवलेलं पान साच्याएवढं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, वरचं तोंड दुमडायचं, दोरा. दिवसाला हजाराचं गणित. संध्याकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या, तिथे ज्या नापास होतील त्यांचे पैसे नाहीत. मैत्रिणीने बाईंचं विडी कामगाराचं कार्ड बघायला मागितलं, हे तिला कसं सुचलं कोण जाणे. तर निघालं असं की बाईंनी ऐन उमेदीची कितीतरी वर्षं सासूच्या कार्डावर विड्या वळल्या होत्या. स्वतःचं कार्ड फार उशिरा झालं. म्हणजे हात यांचे आणि फंडाची वर्षं सासूच्या नावावर. आणि पेपरात 'यांच्या मातोश्री'. ज्या बाईने लाखांनी विड्या वळल्या तिचं स्वतःचं नाव कागदावर जवळजवळ कुठेच नव्हतं.

मैत्रिणीने दोन पानं लिहून आणली. सरांनी उभ्याउभ्या वाचली. एक शब्द खोडला नाही. बाईंचं नाव दुसऱ्या परिच्छेदात होतं, त्याला लाल गोल केला आणि तिथून बाण ओढला तो थेट पहिल्या ओळीच्या आधी. पुढे तो मजकूर एका दैनिकाच्या पुरवणीत आला, नाव पहिल्या शब्दात. मैत्रीण पत्रकारितेत राहिली नाही. हैदराबादला अनुवादाची कामं करते, बरं चाललंय.

सरांचं नावांबाबतचं वेड मात्र आम्हा सगळ्यांना लागलं. सोलापुरात आडनाव नीट लिहिणं ही वेगळीच विद्या आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतली नावं एकाच देवनागरीत बसवायची, आणि सांगणारा फोनवर, मागून गिरणीसारखा यंत्रमागाचा आवाज. सर परत फोन करायला लावायचे. लाज वाटायची, दुःखाच्या घरी वेलांटी काय विचारायची म्हणून. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "मंत्र्याचं नाव चुकलं तर उद्या सुधारणा छापू. गेलेल्याचं चुकलं तर ती वाचणार कोण?"

वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून उलटं वाचायचे. अग्रलेख सगळ्यात शेवटी, तोही चहा उरला असेल तर. आधी निधन, मग निविदा सूचना, मग नावात बदल, हरवले आहे, आणि वकिलांच्या जाहीर नोटिसा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत आमचे अशील खरेदी करीत असून...' हे आम्हाला नुसतं जागा भरायचं वाटायचं. सर गट नंबर टिपून ठेवायचे. एकाच गावच्या तीन-चार नोटिसा महिन्याभरात आल्या, आणि वकील तोच, की वर्गात फळ्यावर गावचा नकाशा. "कुणीतरी काहीतरी ऐकलेलं आहे. आपण ऐकलेलं नाही. जा, तलाठ्याकडे जा." एकदा असं बाहेर पडलेलं एक प्रकरण आमच्या मोहोळच्या स्ट्रिंगरने भूसंपादनाची अधिसूचना निघण्याच्या कितीतरी आधी दिलं. ते कुणी छापलं नाही ही गोष्ट वेगळी. जमीन घेणाऱ्यांपैकी एकाची दर रविवारी अर्धं पान जाहिरात असायची.

दर्पणचा इतिहास दिवाळीनंतर आला असं म्हटलं. तो संपता संपता जानेवारी उजाडला. गड्ड्याची जत्रा भरत होती, शहर सगळं सिद्धेश्वराच्या नादात, आणि 12 तारखेला सर आम्हाला पार्क चौकात घेऊन गेले. चार पुतळ्यांपाशी. सोलापूरच्या पोरांना हे चौघं पाठ असतात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 8 मे 1930 ला सोलापुरात गोळीबार झाला, लोक उसळले, दोन-तीन दिवस इंग्रजांचं राज्य शहरात नावालाही उरलं नाही, आणि 12 मेपासून मार्शल लॉ लागला. मंगळवार पेठ चौकीतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. हार घालायला पुढाऱ्यांची रांग लागली होती. सर लांब उभे राहून म्हणाले, "या चौघांत आपल्यातला कोण?"

कोणी बोलेना. प्रत्येक जण मनातल्या मनात जात बघत होता, हे मी आज सांगू शकते, कारण मीही तेच करत होते. धनशेट्टी यांचे, सारडा त्यांचे, शिंदे आमचे... सरांनी आम्हाला त्यात पुरेसं शिजू दिलं. मग म्हणाले, "कुर्बान हुसेन. 'गझनफर' नावाचं पत्र काढायचा. ऐन विशीत. आपल्यातला तो."

त्या 'गझनफर'चा एक तरी अंक डोळ्यांनी बघायचा हे सरांचं जुनं खूळ. जुन्या ग्रंथालयांच्या माळ्यांवर चढायचे, पुण्यामुंबईला कोणाच्या लग्नाला गेले तरी एक दिवस दप्तरखान्यात. अंक शेवटपर्यंत मिळाला नाही. "फासावर गेलेला सगळ्यांना माहीत, पण त्याने लिहिलं काय ते कोणी वाचलेलं नाही," एवढंच म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

किल्लारीबद्दल ते आपणहून कधी बोलले नाहीत. कुणीतरी विचारलं तेव्हा एकदाच. 29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. सोलापूरच्या मिरवणुका रात्रभर, सगळे वार्ताहर रस्त्यावर, शहर आवृत्ती ओढूनताणून उशिरा सोडलेली. पहिल्या पानावर गुलाल, लेझीम, विसर्जन. अंक छापून गाड्यांत चढत होते आणि 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. सोलापुरातही भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. "आम्हाला वाटलं मशिनचा बेल्ट तुटला," सर म्हणाले. सकाळी पेपर टाकणाऱ्या पोरांनी विसर्जनाचे फोटो घरोघर टाकले तेव्हा तिकडे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर गावंच्या गावं भुईसपाट झाली होती. लोक मिरवणुकीहून येऊन नुकते पडले होते, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद.

माणसं कमी पडली म्हणून डेस्कवरच्या या माणसालाही पाठवलं. नळदुर्ग, उमरगा, पुढे मिळेल त्या ट्रॅक्टरवर. पाऊस लागला होता, चिता पेटत नव्हत्या. सर म्हणाले, पहिल्या दिवशी मी आकडा विचारत फिरलो. तहसीलदार एक सांगे, लष्कराचा जवान दुसरा, सरपंच, म्हणजे जो सरपंच वाचला होता तो, तिसरा. दुपारनंतर आकडा विचारणं सोडलं आणि नावं लिहायला लागलो. वाचलेल्या माणसाजवळ बसायचं आणि तो सांगेल ती नावं, वयासकट. वही भरली. परत आल्यावर पानात जागा आकड्याला होती, नावांना नव्हती.

त्या भूकंपात सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बोलताना लोक दहा हजार म्हणतात, आजही. सरांनी आम्हाला दोन्ही आकडे फळ्यावर लिहून दिले आणि प्रत्येकासमोर 'कोणाच्या म्हणण्यानुसार' अशी जागा रिकामी सोडली. ती भरल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. त्यांच्या हाताखालून गेलेला कोणीही आजतागायत 'हजारोंच्या संख्येने' लिहू शकत नाही, हात अडतो. मोर्चाच्या बातमीत तर फारच गैरसोय होते.

त्या वर्षी दसऱ्याला, 12 ऑक्टोबर 2005 ला, माहितीच्या अधिकाराचा केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आधीपासून होताच, सरांना तो तोंडपाठ. पेपरच्या छापखान्यात दसऱ्याला मशिनला हार घालतात, पेढे वाटतात. सर जुन्या सहकाऱ्यांना भेटायला गेले ते 'जोडपत्र अ'चा, म्हणजे माहिती मागायच्या अर्जाचा, कोरा नमुना घेऊन, आणि तो मशिनवर ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहून आले. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच कागद, कुंकवाच्या डागासकट. प्रत्येकाने एक अर्ज करायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस, नाही आलं तर वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. आणि एक सूचना जी मला अजून उपयोगी पडते: बातमीदार म्हणून 'का' विचारायचं, अर्जात 'का' विचारायचं नाही. कायद्याने कागद मिळतो, कारण मिळत नाही. 'रस्ता का उखडला' विचारलंत तर 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येईल. झालेल्या कामाची मापं ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तकाची प्रत मागा.

हे सगळं वाचून सर म्हणजे देवमाणूस असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. माणूस हट्टी होता आणि काही बाबतींत अन्यायही करायचा. टीव्हीला ते पत्रकारिता मानत नसत. 2007 पासून मराठी बातम्यांची चॅनेलं धडाधड आली, नोकऱ्या तिथे होत्या, आणि आमच्या वर्गातल्या एकालाही कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं कसं हे माहीत नव्हतं, कारण सरांनी तो धडाच गाळला होता. जनसंपर्कात गेलेल्या मुलांची ते सरळ थट्टा करायचे. घरी पाच माणसं खाणारी असताना त्या मुलाने काय करायला हवं होतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पेन्शन असलेल्या माणसाचं तत्त्व, असं एक जण त्यांच्या तोंडावर म्हणाला होता. सर गप्प बसले, पण पुढे त्याच्याशी नीट बोलले नाहीत, बरीच वर्षं. मुलींना मात्र त्यांनी कधी 'महिला बीट' दिलं नाही. गुन्हे, कोर्ट, महापालिका. "का गं, पोलीस ठाण्याची पायरी उंच आहे का?" एवढंच.

2009 ची विधानसभा निवडणूक झाली तेव्हा मी पुण्यात डेस्कवर लागले होते. त्या निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून बाहेर काढलं. एकच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या नावांनी. सरांनी ते आधीच घरी सतरंजीवर मांडून ठेवलं होतं. दिवाळीला गेले तर बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, तीन-चार पेपरांची पानं शेजारीशेजारी आणि सर गुडघ्यांवर, लाल पेनने सारख्या ओळी जोडत. काकू म्हणाल्या, "फराळ ओट्याजवळच उभ्याने कर बाई, तिथे निवडणूक चाललीय." चिडले नव्हते. एका परिच्छेदात सगळ्यांनी एकच शुद्धलेखनाची चूक छापलीय, हे दाखवताना तर जवळजवळ खूश होते. चूक ही त्यांच्या लेखी ठशासारखी. कुणाच्या हाताची ते सांगणारी.

त्यांची स्वतःची निधनवार्ता आली ती सात-आठ ओळींची. ज्या दैनिकात आली तिथे रात्रपाळीला आमचाच एक ज्युनिअर होता. त्याने घरी फोन केला, वय किती, चौऱ्याहत्तर पूर्ण की चालू, मधल्या नावात ऱ्हस्व की दीर्घ. मग म्हणाला, काकू, सॉरी, या वेळी विचारतोय. काकू म्हणाल्या, "विचार रे. न विचारता छापलं असतंस तर ते परत आले असते." वार्तेत 'वृद्धापकाळाने' नव्हतं, 'हृदयविकाराने' होतं. पोकळी नव्हती. काकूंचं नाव होतं, नुसतं 'पत्नी' नव्हे, आणि त्यांनी कन्या प्रशालेत गणित शिकवलं हेही होतं. एक ओळ जास्त दिली म्हणून तो पोरगा सकाळी साहेबाची बोलणी खाऊन आला.

तेराव्याला आम्ही बरेच जण जमलो. जेवणं झाल्यावर काकूंनी कपाट उघडलं. कात्रणांची बाडं, आमच्या कॉप्या लाल रेघांसकट, मैत्रिणीची ती साखर पेठ. किल्लारीची वही होती; ती काकूंनी आम्हाला दिली नाही, मुलीकडे ठेवायची म्हणाल्या. आणि एक फाइल, वर सरांच्या अक्षरात 'गझनफर'. आत ग्रंथालयांची नकारपत्रं, आणि शेवटी एका सरकारी कार्यालयाचं उत्तर, गेल्या वर्षीचं. 'आपण मागणी केलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेख्यावर आढळून येत नाही.' समासात लाल अक्षरं: शोधलं कुणी? कोणत्या तारखेला? कोणत्या कपाटात? अपील केलेलं दिसत नव्हतं. बहुतेक तब्येत तेव्हाच बिघडली.

अक्कलकोटचा स्ट्रिंगर आता तालुक्यातला नावाजलेला माहिती अधिकार कार्यकर्ता आहे, मानधनाचं मात्र अजून तसंच आहे म्हणतो. त्याने फाइल मांडीवर घेतली. म्हणाला, अपिलाची मुदत गेली, आपण नवा अर्ज टाकू. अंक मागायचेच नाहीत. मे-जून 1930 मधल्या जप्त छापील मजकुराच्या नोंदवहीची प्रत मागायची, आणि ती नसेल तर अभिलेख नष्ट केल्याच्या नोंदीची. दोन्हीपैकी एक तरी द्यावीच लागते. मग मजकुरावरून वाद सुरू झाला. चॅनेलवाल्याला प्रस्तावना हवी होती, कुर्बान हुसेन कोण, शहरासाठी त्यांचं योगदान काय. बँकवाला म्हणाला, दीडशे शब्दांत बसवायचं आहे. ज्युनिअरने काकूंकडून लाल पेन मागून घेतलं आणि प्रस्तावना सगळी उडवली. अर्जदार म्हणून नाव माझं घालायचं ठरलं, कारण पत्ता पुण्याचा असला की स्थानिक दबाव येत नाही म्हणे. तिकीट अक्कलकोटवाल्याच्या पाकिटातच होतं, तो नेहमी चार-पाच बाळगतो.

"पोस्टाने टाकू नको," जाताना त्याने बजावलं. "स्वतः जा, हातात दे आणि पोच घे. आणि शिक्क्यातली तारीख वाचता येतेय का ते तिथेच बघ. मुद्दाम पुसट मारतात."